न दुखणारा पाय

राहुरी तालुक्यात प्रवरेच्या कालव्याकाठी एक गाव आहे. तिथे अण्णा राहत होते. सहा एकर ऊस, कारखान्याच्या केन यार्डातली नोकरी संपवून घेतलेली निवृत्ती, दोन मुलं, सुना, नातवंडं. पासष्टी ओलांडली तरी चाल ताठ. "आयुष्यात दवाखान्याची पायरी चढलो नाही," असं ते पारावर बसून सांगत आणि ऐकणाऱ्यांनाही त्याचं कौतुक वाटे.

अण्णांच्या आज्याच्या काळी माणसं बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं खाऊन दिवसभर राबत. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, पाण्यामागून ऊस आला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि या भागाचे दिवस पालटले. घरं पक्की झाली, पोरं शिकली. राहणीही बदलली. बांधावर जायला मोटारसायकल आली, अंगमेहनत मजुरांकडे गेली, दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा होऊ लागला. अण्णांचं पोट सुटलं. लोक म्हणाले, अण्णांना आता सुख मानवलं.

पुढे अण्णांना रात्री तहान लागू लागली. दोन-तीनदा लघवीला उठावं लागे. पायांना मुंग्या येत, तळवे जळजळत. हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नाही. काही महिन्यांनी मुंग्या थांबल्या, जळजळही थांबली. अण्णांना वाटलं, आपोआप बरं झालं.

धाकटी सून गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम करायची. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा, रक्तदाब आणि साखर तपासायला माणसांना उपकेंद्रात न्यायचं, हे तिच्या कामातलं एक काम. सासऱ्यांशी बोलायला ती बिचकायची. तरी एकदा धीर करून म्हणाली, "अण्णा, गावातल्या सगळ्यांची झाली, तुमचीच साखर तपासायची राहिलीय."

"मला काय झालंय?" अण्णा म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही. उगाच सुई कशाला टोचून घ्यायची? ज्याला त्रास आहे त्याला ने."

सून गप्प बसली. फॉर्मवर अण्णांचं नाव तसंच राहिलं.

त्या वर्षी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी निघाली. ती राहुरीला आली, तेव्हा अण्णा दरवर्षीप्रमाणे दिंडीत सामील झाले. डोंगरगण मागे पडलं, नगर मागे पडलं. अहिल्यानगर हे शहराचं नवं नाव पाट्यांवर लागलं होतं, वारकऱ्यांच्या तोंडी अजून नगरच होतं. मजल दरमजल करत दिंडी मिरजगावच्या मुक्कामी पोचली.

वारकऱ्यांचे पाय चेपायची, तळव्यांना तेल लावायची सेवा वाटेवरच्या गावांतली पोरं-बाया मोठ्या भक्तीनं करतात. मिरजगावात एक शाळकरी पोरगा तेलाची वाटी घेऊन अण्णांपुढे बसला. त्यानं उजव्या पायातली चप्पल ओढली, तर ती निघेना. टॉर्च लावून बघतो तर चपलेच्या तळातून बोटभर लांबीचा खिळा आत शिरलेला, आणि अंगठ्याच्या मुळाशी थेट तळव्यात रुतलेला. चप्पल रक्तानं आतून चिकट झाली होती. रक्त वाळून काळं पडलं होतं, म्हणजे खिळा शिरून बराच वेळ झाला होता.

"आजोबा, तुम्हाला कळलं नाही?" पोरगा घाबरून म्हणाला.

अण्णा आपल्याच पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसे बघत होते. "नाही रे," ते म्हणाले, "मला काहीच दुखलं नाही." आजूबाजूचे वारकरी हात जोडून म्हणाले, "माउलीची कृपा." अण्णांनाही तसंच वाटलं. खिळा उपसला, हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुढे चालू लागले. त्यानंतर दोन मुक्काम झाले आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला, थंडी वाजून ताप भरला. मुलांनी गाडी करून त्यांना नगरच्या एका दवाखान्यात आणलं.

तिथे साखर तपासली, ती ४१२ निघाली. गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात. अण्णांची ती ११ च्या वर होती. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे आताच झालं असेल ना? त्यांना याआधी काहीच त्रास नव्हता."

डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी खिशातून एक छोटी दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा ताठ धागा होता. "अण्णा, डोळे मिटा. पायाला धागा लागला की 'हो' म्हणा." अण्णांनी डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी डाव्या तळव्यावर, म्हणजे चांगल्या पायावर, धागा टेकवून तो वाकेपर्यंत दाबला. अंगठ्यावर, बोटांखाली, मधोमध, टाचेवर. मुलगा बघत होता, सून बघत होती. अण्णा शांत. सगळ्या जागा झाल्या, डॉक्टरबाईंनी धागा खिशात ठेवला. थोडा वेळ गेला आणि अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "करा ना मॅडम सुरू."

सुनेनं तोंडाला पदर लावला.

मग डॉक्टरबाई बोलल्या. "साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या बारीक नसा मरत जातात. मरताना त्या मुंग्या आणि जळजळ करून सांगतात. पुरत्या मेल्या की सांगणंही थांबतं. तुमच्या मुंग्या थांबल्या तेव्हा तुम्ही बरे झाला नव्हता. आता जखमेमुळे साखर वाढतेय आणि वाढलेल्या साखरेवर जंतू पोसले जातायत. दोन्ही एकदम आवरावं लागेल."

पहिल्या शस्त्रक्रियेत पू काढला. तिसऱ्या दिवशी कळलं की जखम हाडापर्यंत गेली आहे. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

वॉर्डात अण्णांच्या डाव्या हाताला श्रीगोंद्याकडचे निवृत्त मास्तर होते. चौदा वर्षांची साखर. गोळी रोज घ्यायची असते हे त्यांना माहीत होतं, पण अंगाला बरं वाटलं की ते ती बंद करत. बिडीही सुटली नव्हती. पाय गार पडतो म्हणून त्यांनी गरम पाण्याचा शेक घेतला, पाणी किती गरम आहे ते पायाला कळलंच नाही. तळव्याची कातडी सोलून निघाली. आधीच बिडीनं आणि साखरेनं रक्तवाहिन्या आखडलेल्या, पायाला रक्त पोचेना, बोटं काळी पडली. "भाजलं तेव्हा फार दुखलं असेल?" अण्णांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "तेच तर, काही त्रासच झाला नाही."

समोरच्या कॉटवर पाथर्डीचा ऊसतोड करणारा गडी होता. वय चाळीसच्या आसपास, अंगानं काटक. बारीक माणसाला साखर होत नाही या समजुतीनं त्यानं कधी तपासलंच नव्हतं. मोळी उचलताना एकाएकी घाम फुटला, दम लागला. पित्त असेल म्हणून दोन दिवस काढले. तो हृदयविकाराचा झटका होता. "छातीत एकदाही कळ आली नाही हो," तो पुन्हा पुन्हा सांगायचा. ज्या नसांनी कळ सांगायची, त्याच मधुमेहानं बधिर केल्या होत्या.

खिडकीपाशी राशीनचे एक शिंपी होते. सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्यांनी दोनदा चष्मा बदलला. मग एका सकाळी डोळ्यापुढे काळी जाळी आली. पडद्यावर रक्त उतरलं होतं. दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासला असता तर लेझरनं नजर वाचवता आली असती. "डोळा दुखला असता तर आलो नसतो का?" ते म्हणाले.

पलीकडे बायकांच्या वॉर्डात नेवाशाच्या एक बाई होत्या. त्यांची मूत्रपिंडं बसली होती, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. लघवीतून प्रथिनं जातायत हे साध्या तपासणीत काही वर्षं आधीच कळलं असतं. पण लघवीला जळजळ नाही, पोटात कळ नाही, मग तपासायचं कशासाठी? पायांवर सूज आली, तेव्हा उशीर झाला होता.

अण्णा रात्री जागे असत. पाय गेला कुणाचा, डोळा कुणाचा, हृदय कुणाचं, मूत्रपिंड कुणाचं. दुखणी वेगवेगळी, पण प्रत्येकाचं वाक्य एकच. काही त्रास नव्हता. हेच वाक्य आपण सुनेच्या तोंडावर फेकलं होतं, हे त्यांना आठवे आणि मग झोप लागत नसे.

संकष्टीच्या दिवशी वॉर्डात गडबड झाली. मास्तरांचा उपास होता. चंद्रोदयाआधी खायचं नाही म्हणून त्यांनी ताट झाकून ठेवलं आणि सिस्टरला काही न सांगता वेळेवरचं इन्सुलिन मात्र टोचून घेतलं. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, ते भलतंच बरळू लागले. सिस्टर धावत आल्या. साखर ४८. शिरेतून ग्लुकोज गेलं तसे मास्तर काही मिनिटांत माणसांत आले. त्यांचा हात धरून सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, कमी झालेली साखर बहुधा लगेच ओरडते, म्हणून आज तुम्ही वाचलात. वाढलेली साखर वर्षानुवर्षं गप्प बसते. इथे आम्ही तुमची साखर १४० ते १८० च्या मध्ये ठेवायला धडपडतो ते यासाठीच. खाली गेली तर घात तासाभरात, वर राहिली तर हळूहळू."

नेवाशाच्या बाईंच्या सोबतीला त्यांची थोरली बहीण येऊन राहिली होती. पंचाहत्तरीची, जामखेड तालुक्यात दिलेली. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्याच बायांना, ज्यांना सहीसुद्धा येत नव्हती अशा बायांनाही, शिकवून गावाचं आरोग्य त्यांच्या हाती दिलं. त्या कामासाठी १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशभर आशा नेमल्या गेल्या त्या २००५ नंतर, त्याच्या कितीतरी आधीपासून जामखेडच्या बाया घरोघर फिरत होत्या. ही आक्का त्यांतलीच एक.

एका दुपारी ती अण्णांच्या कॉटशी थांबली. उजव्या पायाच्या पट्टीकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ डावा पाय हातात घेतला, तळवा उजेडाकडे केला, बोटांच्या बेचक्या एकेक उघडून बघितल्या. करंगळीच्या बेचक्यात बारीक चीर होती.

"भाऊ, हा पाय रोज कोण बघतं?"

"हा चांगला आहे आक्का. याला काही दुखत नाही."

"म्हणून तर विचारते." तिनं चीर त्यांना दाखवली. "दुखणं म्हणजे शेताचा राखणदार. तो ओरडला की आपण धावतो. तुमचा राखणदार मेलाय. आता आरडाओरडा ऐकू येत नाही म्हणून चोर आला नाही असं धरून बसायचं, का रोज रात्री स्वतः बॅटरी घेऊन शेताला फेरी मारायची?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं, त्रास नाही म्हणजे आजार नाही."

"सगळ्यांना तसंच वाटतं. तुमच्या घरात कुणी शिकलेलं आहे का?"

"सून आशा आहे."

आक्का कॉटच्या कडेला टेकली. "माझ्या गावात मी तीस-चाळीस वर्षं फिरले. सुरुवातीला लोक म्हणायचे, हिला काय कळतं, ही तर आपल्यातलीच. परक्याचं ऐकतील, घरच्या बाईचं ऐकणार नाहीत. तुमच्या दारात औषध होतं भाऊ. ते सुनेच्या तोंडून आलं म्हणून तुम्ही घेतलं नाही."

त्या संध्याकाळी सून डबा घेऊन आली. अण्णांनी तिला कॉटजवळ बसवलं आणि सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "पोरी, तुझ्या फॉर्मवर माझं नाव राहिलंय. भरून घे. आणि डॉक्टरबाई काय सांगतात ते नीट लिहून घे, मी तुझं ऐकणार आहे."

अण्णा तीन आठवड्यांनी घरी आले. दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. मास्तरांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढे त्यांनी जामखेडला जाऊन जयपूर फूट बसवून घेतला, पण मन खचलं, हिंडणं-फिरणं थांबलं आणि काही काळानं ते हृदयविकारानं गेले. मधुमेहात पाय गमावलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांच्या आत जातात, असं जगभरच्या डॉक्टरांचा अनुभव सांगतो. पाय कापला जातो तोवर आजार हृदयापर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोचलेला असतो. शिंप्यांचा एक डोळा राहिला. पाथर्डीचा गडी सावरला, पण कोयता सुटला.

अण्णांच्या घरात आता काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. रात्री जेवणं झाली की ते ओसरीवर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरतात आणि नात बॅटरीच्या उजेडात तळवे, टाचा, बेचक्या बघते. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकायची. घरातही अनवाणी फिरायचं नाही. आंघोळीचं पाणी पायावर ओतण्याआधी कोपर बुडवून बघायचं. भोवरी ब्लेडनं कापायची नाही. चहा दोनदाच, तोही बिनसाखरेचा. सकाळी मोटारसायकल सोडून बांधापर्यंत पायी, खास मऊ तळाच्या बुटांत. गोळ्या बरं वाटलं तरी चालूच. उपास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारून. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पायावरच्या धाग्याची परीक्षा.

पुढच्या आषाढी वारीला अण्णा दिंडीत चालले नाहीत. राहुरीच्या मुक्कामी ते आणि सून पाण्याचं घमेलं, स्वच्छ फडकी आणि टॉर्च घेऊन बसले. सून साखर तपासत होती, अण्णा वारकऱ्यांचे पाय धुऊन, पुसून, तळवे बघत होते. काही जणांच्या तळव्यांवर फोड निघाले, काहींच्या भेगांत खडे. एका म्हाताऱ्या वारकऱ्याच्या टाचेत काच होती. तो हसून म्हणाला, "अहो, मला काही दुखत नाही." अण्णांनी त्याची काच काढली नाही. त्याचा हात धरला आणि त्याला थेट पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाकडे नेऊन बसवलं.

तात्पर्य असं, की मधुमेहात वेदना नसणं ही तब्येतीची खूण नव्हे. जे दुखत नाही तेच आधी बघायला हवं.

आपल्या देशात मधुमेह झालेली माणसं १० कोटींच्या वर आहेत आणि उंबरठ्यावर उभी असलेली आणखी १३ कोटींहून जास्त, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. त्यांतले असंख्य लोक आज "मला काही त्रास नाही" असंच म्हणत असतील. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर जिवाचं रान करतात, पण पाय राहणार की जाणार याचा पुष्कळसा निकाल त्याआधीच्या दहा वर्षांत घरी लागलेला असतो.

तेव्हा दारात आशाताई आली तर तिला परत पाठवू नका. तिशी ओलांडली असेल तर साखर तपासून घ्या, सरकारी आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत. आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर आज रात्री झोपण्याआधी त्यांचे तळपाय तुम्ही स्वतः, उजेडात धरून बघा. उद्याही बघा.